दाखवायचं घर

नमुनेसाहेबांनी घर पसंत केलं तेव्हा ते त्या घरात एकदाही बसले नव्हते, आणि याचा त्यांना अभिमान होता.

सगळी नोकरी खरेदी खात्यात काढलेला माणूस. विक्रेत्याच्या खुर्चीत बसायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम. बसलं की पाणी येतं, पाण्यामागून चहा येतो, आणि चहा प्यायलेल्या अधिकाऱ्याची जीभ मालाला नावं ठेवताना जड होते. म्हणून ते उभ्यानेच माल तपासत, उभ्यानेच नापास करत आणि पाणी घरी येऊन पीत. दुसरा नियम असा, की नमुना बघितल्याशिवाय टाचणीसुद्धा घ्यायची नाही. नमुन्यांवर त्यांचा एवढा जीव, की खात्यातल्या मंडळींनी त्यांचं नावच नमुनेसाहेब पाडलं. ज्या अर्थाने ते पाडलं होतं तो एक सोडून बाकी सगळ्या अर्थांनी त्यांना ते मान्य होतं. निवृत्त झाल्यावर टेबल गेलं, घंटी गेली, गाडी गेली. नाव तेवढं घरापर्यंत सोबत आलं.

आता शहरापासून लांब एका खेड्यात त्यांनी जमिनीचा तुकडा घेतला होता आणि उरलेलं आयुष्य तिथे मोकळ्या हवेत घालवायचं ठरवलं होतं. घर पाहावं बांधून, असं म्हणतात. नमुनेसाहेबांनी ते न बांधताच पाहायचं ठरवलं. गवंडी जे बांधणार त्याचा नमुना आधी मिळत नाही. भिंत उभी राहिल्यावरच ती वाकडी आहे हे कळतं. त्यापेक्षा कारखान्यात तयार झालेलं घर घ्यावं, ट्रेलरवर घालून न्यावं आणि क्रेनने जागेवर ठेवावं. विषय संपला.

"तुमचा संपला," वहिनी म्हणाल्या. वहिनी म्हणजे त्यांच्या पत्नी. सगळी इमारत त्यांना वहिनीच म्हणते. "या घरातला चमचासुद्धा तुम्ही तीन कोटेशनं मागवून आणलात. पडदे तुमचे, मिक्सर तुमचा, खुर्च्या तुमच्या. मी कधी काही बोलले नाही. पण आता तिकडे रानात राहायचं म्हणता, तर मी आधी घर बघणार. आवडलं तर राहीन. नाही आवडलं तर मी आपली इथे बरी. तुम्ही खुशाल राहा तिकडे."

"मग चल की माझ्याबरोबर बघायला," असं कोणीही म्हणालं असतं. पण नमुनेसाहेबांचा तिसरा नियम आड आला. खरेदीच्या वेळी वापरणाऱ्या माणसाला सोबत न्यायचं नाही. वापरणारा माणूस रंग बघून खूश होतो आणि विक्रेत्याला ते दिसतं.

"उभं राहिलं की दाखवतो," ते म्हणाले.

वरकरणी असं ठणकावून सांगितलं खरं, पण आतून ते घाबरले होते. वहिनी जे बोलतात ते करतात, हे त्यांना ठाऊक होतं. आणि शेजारच्या खोलीत वहिनींची चाहूल नसली तर त्यांना वर्तमानपत्रसुद्धा वाचवत नसे. एकट्याने मोकळी हवा खायची म्हणजे नुसती हवाच खायची.

घराची बातमी इमारतीत पसरली आणि सल्ले सुरू झाले. समोरच्या दारातले विमावाले आधी आले. त्यांनी घराचं चित्र बघितलं, वाऱ्याची दिशा विचारली आणि गंभीरपणे म्हणाले, "साहेब, हे उडालं तर कुणाच्या हद्दीत पडतं ते महत्त्वाचं. तुमच्या हद्दीत पडलं तर नुकसान, दुसऱ्याच्या हद्दीत पडलं तर अपघात. पॉलिसी वेगवेगळ्या लागतात." मग वहिनींचा भाऊ आला. या मेहुण्यांनी आजवर स्वतःचा एकही धंदा चालवला नव्हता, त्यामुळे सल्ला द्यायला त्यांच्याकडे भरपूर वेळ असे. "भावोजी, खाली चाकं ठेवून घ्या," ते म्हणाले. "शेजारी चांगले निघाले नाहीत तर घर ओढून पुढे जायचं." ज्या शेजाऱ्यांच्या बाबतीत हा सल्ला उपयोगी पडला असता ते विमावाले तेव्हा शेजारीच बसून चहा पीत होते. त्यांनीही मान डोलावली.

तीन कंपन्या निवडल्या. पहिल्या कंपनीचं घर म्हणजे मालाच्या डब्याला पाडलेली खिडकी होती. दुसऱ्या कंपनीकडे घर नव्हतंच, एक गुळगुळीत पुस्तिका होती. तिच्यात घरापुढे तळं, तळ्यात बदकं आणि काठावर दात काढणारं एक कुटुंब होतं; यातलं नक्की काय मिळणार हे विचारल्यावर तिथला माणूस "भिंती" म्हणाला. तिसऱ्या कंपनीच्या आवारात मात्र साक्षात घर उभं होतं. पांढऱ्या भिंती, हिरवं छप्पर, दोन खोल्या, स्वयंपाकघर, आत टेबल-खुर्च्या, पलंग, कपाट, पुस्तकांची फळी, भिंतीवर घड्याळ. दारात पाटी होती: 'कृपया आत बसू नये.' कंपनीची ही शिस्त नमुनेसाहेबांना फार आवडली.

त्यांनी तपासणी केली ती अशी, की कंपनीचा विक्रेता बघतच राहिला. भिंतीवर टिचक्या मारल्या. पत्र्याची जाडी कॅलिपरने मोजली. छपरावर बादलीभर पाणी ओतायला लावून खाली कोरडा रुमाल धरला. स्क्रू मोजले, चार काढून बघितले, तीन परत लावले आणि एक खिशात ठेवला. जमिनीचे सांधे बघण्यासाठी ते दारातून वाकून शिरले आणि सांधे बघत बघत वाकूनच बाहेर पडले. भिंत किती जाड आहे हे त्यांना केसाच्या फरकाने माहीत झालं. ती किती उंच आहे हे बघायचं राहून गेलं, पण उंचीत कोणी भेसळ करतं असं नोकरीत कधी ऐकलं नव्हतं.

"हेच घर हवं," ते म्हणाले.

"हो सर, याच मॉडेलचं नवीन घर आम्ही तुम्हाला—"

"याच मॉडेलचं नको. हेच."

विक्रेत्याच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थांबलं. "सर, हे तर दाखवायचं आहे."

नमुनेसाहेबांना हेच तर ऐकायचं होतं. नमुना एक नंबर आणि नंतर येणारा माल तीन नंबर, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव. नमुन्यातली खुर्ची हत्ती पेलते आणि ऑर्डरमधली खुर्ची कारकुनाखाली मोडते. इतकी वर्षं त्यांना विक्रेत्यांनी असंच बनवलं होतं. आता एकदा तरी नमुनाच उचलायचा, म्हणजे बदलाबदलीचा प्रश्नच नको.

"सर, पण एक सांगायचं होतं. या घराचं जरा असं आहे की—"

"तुम्ही काही सांगू नका. विक्रेत्याने सांगितलेलं मी ऐकत नसतो."

"पण सर, याच्यातलं माप—"

"मला डोळे आहेत."

बिचाऱ्याने तिसऱ्यांदाही तोंड उघडलं, तेव्हा नमुनेसाहेबांनी खिशातून पेन काढून खिडकीखाली स्वतःची सही ठोकली, म्हणजे रातोरात घर बदलायला नको. करारातलं वाक्यही त्यांनी स्वतः सांगून लिहून घेतलं: 'घर जसे आहे तसे, आतील एकही वस्तू न बदलता.' विक्रेत्याने आत जाऊन वरिष्ठांना विचारलं. आतून बराच वेळ कुजबुज आणि एकदा मोठ्याने हसल्याचा आवाज आला. मग होकार आला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण नमुनेसाहेबांना पाठ होती. ती इतरांसाठी असते अशी त्यांची समजूत होती.

घर मिळालं, आता ते ठेवायला परवानगी हवी. गावच्या कार्यालयात एक कारकून होता. त्याने अर्ज वाचून चष्मा काढला.

"काय बांधणार?"

"बांधणार नाही. आणणार."

"घर आणतात?"

"तयार घर आहे. ट्रेलरवरून येतं."

"परवानगी बांधकामाला असते. तुमचं बांधकामच नाही, तर परवानगी कशाची देऊ?"

"म्हणजे परवानगी लागत नाही?"

"असं कुठे म्हणालो मी? परवानगीशिवाय घर ठेवलंत तर उचलायला लावीन."

"मग द्या परवानगी."

"कशाची?"

कारकून सात्त्विक माणूस होता. हाच संवाद त्याने त्याच शांतपणे दिवसभर केला असता. शेवटी त्याने, हे वाहन नाही असं वाहतूक कार्यालयातून लिहून आणायला सांगितलं. वाहतूक कार्यालयाने, हे घर आहे असं गावच्या कार्यालयातून आणायला सांगितलं. नमुनेसाहेबांनी स्वतःच्या हयातीत पुष्कळांना असं हेलपाटत ठेवलं होतं, पण तेव्हा ते टेबलाच्या चांगल्या बाजूला होते. या बाजूने तो प्रकार त्यांना अमानुष वाटला.

अखेर कारकुनानेच तोड काढली. पाया नसलेल्या, उचलून ठेवता येणाऱ्या गोष्टींना गावात एकाच नावाखाली परवानगी मिळत होती: कोंबड्यांची शेड.

"मी त्यात राहणार आहे," नमुनेसाहेब दुखावल्या आवाजात म्हणाले.

"राहा की. कोंबड्यांना चालत असेल तर आमचं काही म्हणणं नाही." आणि 'पक्ष्यांची संख्या' या रकान्यात कारकुनाने वळणदार अक्षरात 'दोन' लिहिलं. नमुनेसाहेबांनी सही केली. त्यांनी ठरवलं, हे वहिनींना आयुष्यात सांगायचं नाही.

ठरल्या दिवशी घर निघालं. पुढे लाल झेंडी लावलेली जीप, मागे ट्रेलर, ट्रेलरवर घर. वाटेत विजेच्या तारा काठीने उचलाव्या लागल्या, एका वळणावर कुणाच्या कुंपणाचे दोन खांब गेले आणि खांबांच्या मालकाने ते सागवानी होते असं शपथेवर सांगितलं. गावात घर उतरताना बघायला सगळे जमले. एकाने टोलनाका होणार का म्हणून विचारलं. दुसऱ्याने खिडकीशी रांग धरली आणि मोबाइलचा रिचार्ज मिळेल का, अशी चौकशी केली. नमुनेसाहेबांनी कुणालाही उत्तर दिलं नाही. क्रेन गेली, माणसं पांगली, आणि ते आपल्या हक्काच्या घरात पहिल्यांदाच ताठ मानेने शिरले.

दाराची चौकट कपाळावर बसली तो आवाज शेजारच्या शेतात ऐकू गेला.

कपाळ चोळत ते खुर्चीत टेकले, तर गुडघे हनुवटीला लागले. उठून पलंगावर आडवे झाले, तर पोटऱ्यांपासून पुढचा भाग पलंगाबाहेर. तोंड धुवावं म्हणून नळ सोडला. त्यातून एक कोळी बाहेर आला, पाणी नाही. नळाचा पाइप भिंतीत बोटभर जाऊन थांबला होता. बटणं सहा होती, पाच नुसती चिकटवलेली. कपाटाचं दार उघडेना म्हणून त्यांनी जोर लावला, तर कपाटच हातात आलं. ते एक रंगवलेली फळी होतं. पुस्तकं म्हणजे पुठ्ठ्याचा एक सलग पट्टा, फ्रिज म्हणजे पुठ्ठ्याचं खोकं, आणि भिंतीवरच्या घड्याळाचे काटे छापलेले, त्यामुळे या घरात वेळ मात्र कधी चुकणार नव्हती.

मग त्यांनी टेप काढून सगळी मापं घेतली, आणि विक्रेता काय सांगू बघत होता ते ध्यानात आलं. कंपनीने हे घर मुद्दाम लहान केलं होतं, आणि आतलं सगळं सामान त्याहूनही लहान. लहान पलंगामुळे खोली मोठी दिसते. लोक दारातून डोकावतात, वा म्हणतात आणि पूर्ण मापाचं घर मागवून जातात. आत बसत कोणीच नाही. पाटी त्यासाठीच होती.

नमुनेसाहेब जमिनीवर बसून राहिले. दोन दिवसांनी वहिनी येणार होत्या. त्यांना हे घर दाखवायचं म्हणजे परतीची गाडी विचारून ठेवायची. इतकी वर्षं घरात आणलेल्या प्रत्येक वस्तूची छाती फुगवून केलेली वर्णनं त्यांना एकामागून एक आठवू लागली, आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

"अजून थोडं काम बाकी आहे," त्यांनी फोनवर सांगितलं. "जरा थांबून ये."

वहिनी "बरं" म्हणाल्या. त्यांचं "बरं" फार लवकर आलं.

मग त्यांनी कंपनीला ई-मेलने चार पानी पत्र धाडलं. पत्रात 'फसवणूक' हा शब्द होता, 'अपमान' होता, कपाळाचा फोटो होता. करारातलं आपलंच वाक्य आपल्याच गळ्यात पडणार याची त्यांना खात्री होती, म्हणून उत्तराची आशा नव्हती. पण दुसऱ्याच दिवशी विक्रेत्याचा फोन आला, आणि तोच गयावया करू लागला. नमुना गेल्यापासून त्यांनी आवारात पूर्ण मापाचं घर ठेवलं होतं. खऱ्या पलंगामुळे त्या खोल्या खुराड्यासारख्या दिसत होत्या, लोक येत, "एवढंसंच?" म्हणत आणि जात. "सर, आमचं घर आम्हाला परत द्या. त्याबदली मोठं घर, नळ-बिळ सगळं खरं, आमच्या खर्चाने आणून ठेवतो. उद्याच."

नमुनेसाहेबांच्या उभ्या कारकिर्दीत विक्रेत्याने माल आपणहून परत मागितल्याची ही पहिलीच वेळ. त्यांना एकदम उंच झाल्यासारखं वाटलं आणि त्या भरात छताला डोकं लागलं.

सकाळी खरं घर घेऊन ट्रेलर आला, मागोमाग क्रेन, क्रेनमागोमाग विक्रेता. जुन्या घराला पट्टे बांधून होतात न होतात तोच रस्त्यावर एक टॅक्सी थांबली आणि तिच्यातून वहिनी उतरल्या. मागून मेहुणेही उतरले, आणि लांबूनच क्रेनवाल्याला पट्टा कुठे बांधावा ते सांगू लागले.

"थांबून ये म्हणालो होतो ना?" नमुनेसाहेब धावत पुढे गेले.

"तुम्ही 'थोडं काम' म्हणालात तेव्हाच समजले. कपाळाला काय झालं?"

"काही नाही. तू आत जाऊ नकोस. हे आपलं घर नाही. आपलं ते, ट्रेलरवरचं."

वहिनींनी ट्रेलरकडे बघितलं, मग पट्ट्यांत अडकलेल्या घराकडे बघितलं, खिडकीखालची नवऱ्याची सही वाचली आणि सरळ आत गेल्या. त्यांना वाकावं लागलं नाही.

क्रेनवाल्याने "उचलू का?" विचारलं. "आत माणूस आहे," नमुनेसाहेब म्हणाले, आणि धीर करून दारातून डोकावले.

वहिनी स्वयंपाकाच्या ओट्याशी उभ्या होत्या. दोन्ही तळवे ओट्यावर सपाट ठेवले होते. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या, पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून. त्या आपल्या पायांकडेच बघत होत्या.

"अगं, हे सगळं खोटं आहे. बाहेर ये. त्या घरात सगळं पूर्ण मापाचं आहे."

"कुणाच्या मापाचं?"

नमुनेसाहेबांनी खिशातला टेप चाचपला.

"आपल्या तिकडच्या ओट्यावर मी इतकी वर्षं खांदे वर करून चिरत आलेय," वहिनी म्हणाल्या. "खुर्चीत बसले की पाय लोंबतात, म्हणून एक पाय मुडपून बसते. तुम्हाला वाटत असेल, मला तसंच बसायला आवडतं."

त्यांना खरोखर तसंच वाटत होतं.

"कधी बोलली नाहीस."

"कधी विचारलंत?"

बाहेर मेहुणे क्रेनवाल्याशी भांडत होते. नमुनेसाहेब दारात अर्धवट वाकून उभे होते. वहिनी राहणार की जाणार, या काळजीने ते इतके दिवस कासावीस झाले होते, आणि आता त्यांच्या ध्यानात आलं की त्या राहायला तयार आहेत. अडचण एवढीच, की वहिनींनी आयुष्यात पहिल्यांदा पसंत केलेल्या वस्तूत ते स्वतः मावत नव्हते.

"नळाला पाणी नाही," त्यांनी क्षीण आवाजात सांगितलं.

"प्लंबरला बोलवा."

"कपाट म्हणजे नुसती फळी आहे."

"सुताराला बोलवा."

"मला इथे उभं राहता येत नाही गं."

"मग बसा," वहिनी म्हणाल्या.

ते बाहेर आले आणि त्यांनी विक्रेत्याला पट्टे सोडायला सांगितलं. विक्रेत्याला आधी ते थट्टा करताहेत असं वाटलं. मग त्याने खरं घर दाखवलं, खरे नळ दाखवले, वरून एक खरा फ्रिज देऊ केला. "सर, तुम्हीच चार पानं लिहिलीत," तो काकुळतीला येऊन म्हणाला.

"मागे घेतो," नमुनेसाहेब म्हणाले. हे शब्द त्यांच्या तोंडून पूर्वी कधी निघाले नसल्यामुळे ते त्यांना दोनदा म्हणावे लागले.

आता ते दोघं तिथेच राहतात. गावात नमुनेसाहेबांचं फार नाव झालं आहे. शहरातला एवढा मोठा साहेब, पण कुणाच्याही दारात आधी मान लववतो, असं लोक कौतुकाने सांगतात. वहिनी खुलासा करत नाहीत. घरात त्या खुर्चीत बसतात आणि नमुनेसाहेब समोर जमिनीवर, भिंतीला टेकून. तसं बसलं की त्यांचं डोकं नेमकं वहिनींच्या डोक्याइतकं येतं. मान वर न करता बोलता येतं म्हणून की काय, वहिनी आता खूप बोलतात. मिक्सरबद्दल बोलतात, पडद्यांबद्दल बोलतात, एकेक जुनी गोष्ट काढतात. त्यातलं बरंचसं नमुनेसाहेबांना ऐकवत नाही, पण उठून उभं राहायची सोय नाही.